मदत हवी आहे: कणकुंबीकडचा पाणभुंगेरा नवा आहे का, कसं ठरवायचं?

मंडळी, खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ आमच्या शेताच्या बांधाला लागून जांभ्या दगडातलं डबकं आहे. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीबाहेर, आधीच सांगतो.) त्यात जेमतेम चार मिलिमीटरचे भुंगेरे मिळाले. मागचे दोन्ही पाय एकदम मारतात आणि हवा घ्यायला शेपटीकडून वर येतात, म्हणजे डायटिसिडी कुळातले. हायड्रोफिलिडी या पाणभुंगेऱ्यांच्या दुसऱ्या कुळातले पाय आळीपाळीने मारतात, वर येतात ते डोक्याकडून. पाण्याबाहेर काढले की टुणकन उडी घेतात, त्यावरून डायटिसिडीतल्याच लॅकोफिलस या गटातला असावा असं वाटतंय. पण पंखांच्या टणक झाकणांवरची पिवळट नक्षी मला मिळालेल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही.

नक्षी एकाच जातीतही बदलते, तिच्यावर विसंबून चालत नाही. खरा निकाल नराच्या जननेंद्रियाच्या आकारावर लागतो. इथेच गाडी अडलीय. इतक्या लहान किड्याचं विच्छेदन कुणी शिकवेल का? बेळगाव, कोल्हापूर कुठेही येईन. काही नमुने डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवलेत.

दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचे नमुने अधिकृत संग्रहात द्यावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात कुणी जमा केलेत का? आधी पत्र पाठवायचं की थेट नमुने घेऊन जायचं?

आणि कृपा करून ‘फोटो टाका, नाव सांगतो’ म्हणू नका. फोटोवरून हे ठरत नाही.