विषय: Re: Re: ओ-कोनिग्सबूर्ग सहल, नकाशातला 'बालेकिल्ला'

प्रेषक: सहल समिती
फ्रान्समधल्या ओ-कोनिग्सबूर्ग गडाचा नकाशा जोडलाय, परवा छपाईला जाईल. दोंजोंला (गडाच्या मुख्य मनोऱ्याला) 'बालेकिल्ला' लिहिलंय. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

प्रेषक: नकाशावाले काका
हरकत आहे. बालेकिल्ला म्हणजे गडाच्या माथ्यावरचा वेगळा तटबंद भाग, राजगडावर आहे तसा. दोंजों हा एकच चौकोनी मनोरा. तो शब्द वापरायचाच असेल तर सिंहदरवाजा आणि उचलपुलापलीकडचं सगळं त्यात धरा: विहीर, आतला चौक, राहती दालनं, मनोरा. आणि मनोऱ्याचा वरचा भाग मध्ययुगीन नाही, एवढी ओळ टाकाच. १६३३ साली स्वीडिश फौजेने ५२ दिवसांच्या वेढ्यानंतर गड जाळला. आज दिसतो तो १९०० ते १९०८ मध्ये वास्तुविशारद बोडो एबहार्टने जर्मन सम्राट कैसर दुसऱ्या विल्हेल्मसाठी उभा केलेला. मनोरा मुळात चौकोनी होता की गोल, यावर तेव्हाही वाद झाला होता.

प्रेषक: कोषाध्यक्ष वहिनी
काका, मनोऱ्याचं राहू दे, विहीर चुकलीय! खालच्या चौकात दाखवलीत ते कारंजं आहे. त्या चौकात धर्मशाळा, तबेला, लोहारशाळा. खरी विहीर वर, दालनांना लागून, ६२.५ मीटर खोल. तोफेच्या माऱ्यात पाणी तुटू नये म्हणून तिच्याभोवती जाड भिंती घातल्यात. चुकीच्या जागी दाखवली तर त्या भिंती कशासाठी, हेच कळणार नाही.

प्रेषक: सहल समिती
विहीर हलवली. मोठा बुरूज आधी घेऊ का? मुलांना तोफा बघायच्या आहेत.

प्रेषक: नकाशावाले काका
आधी नको. तो पश्चिम टोकाला, वरच्या बागेपलीकडे आहे. वाट दालनांतूनच जाते. गोल जिना अरुंद, एकामागून एकच चढता येतं. पंधरा-पंधराचे गट करा, बाबागाड्या खालीच ठेवा. आणि 'बुरूज' एकवचनी नको. ते दोन बुरूज आहेत, मध्ये जाड भिंत. बाकी बाजूंना उतार तुटलेला, पश्चिमेला मात्र डोंगराची धार सलग, हल्ला तिकडूनच सोपा, म्हणून गड ताब्यात आलेल्या टिअरश्टाइन घराण्याने १४७९ नंतर सर्वात जाड भिंती तिकडे घातल्या. 'जोडबुरूज' लिहा.

प्रेषक: कोषाध्यक्ष वहिनी
पंधरा जास्त होतात. कैसरच्या दालनात मावतील, तिथे एबहार्टने मधला मजला काढून छत उंच केलंय. जिन्यात मावणार नाहीत. दहा करा.

प्रेषक: सहल समिती
दहा. 'मनोरा', 'जोडबुरूज', विहीर वर. छपाईला पाठवतो.