सोसायटी ग्रुप : सायकल, झाडूवाला आणि 'फक्त फॉरवर्ड'

सी-१०३ : लिफ्टजवळ ठेवलेली मुलाची सायकल काल रात्रीपासून गायब. झाडायला येणारा नवा पोरगा तिथे घुटमळत होता म्हणे. शहाण्याला जास्त सांगणे न लगे.

ए-२०१ : त्याचं लक्षण मला पहिल्यापासूनच बरं वाटत नव्हतं. सगळ्यांनी वस्तू सांभाळा 🙏

डी-४०४ : शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलंय. तो त्यांच्याकडेही झाडतो.

बी-४०२ (सर) : थांबा जरा. सायकल नेताना पाहिलं की नुसतं उभं असताना? लिफ्टजवळचं झाडायचं तर तो उभा राहणार कुठे?

ए-२०१ : सर, रोजा आहे ना तुमचा, कशाला डोक्याला त्रास 😀

बी-४०२ (सर) : रोजा आहे म्हणूनच. बुखारी या संग्रहातली हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, खोटं बोलणं आणि तसं वागणं ज्याने सोडलं नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही. दिवसभर पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि इथे एखाद्याला चोर ठरवायचं, तर पदरात नुसती भूकच पडायची.

बी-३०१ (काकू) : तुमच्यातही मौनव्रत असतं का हो सर? मौनी अमावस्येला माझ्या सासूबाई दिवसभर बोलत नसत. घराला तेवढाच आराम 😄

बी-४०२ (सर) : 😀 तसं व्रत नाही काकू. कुरआनात हजरत मरियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, न बोलण्याच्या नवसाचा उल्लेख आहे, पण तो त्यांच्यापुरता. एकजण उन्हात उभा होता. बसणार नाही, सावलीत जाणार नाही, बोलणार नाही, शिवाय रोजा. पैगंबर म्हणाले, त्याला बोलायला सांगा, सावलीत बसवा, रोजा तेवढा पुरा करू दे. पुढे हजला न बोलण्याचा नवस केलेली एक बाई पहिले खलिफा अबू बक्र यांना भेटली, तिलाही त्यांनी बोलायला लावलं. तोंड शिवून बसण्यात पुण्य नाही. हदीस आहे ती 'चांगलं बोला, नाहीतर गप्प राहा' अशी. त्यातही चांगलं बोलणं आधी.

सी-१०३ : म्हणजे सायकल माझी गेली आणि मीच गप्प बसू?

बी-४०२ (सर) : अजिबात नको. कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायाच्या १४८व्या आयतीत म्हटलंय की वाईट उघडपणे बोललेलं अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याची गोष्ट वेगळी. तेराव्या शतकातले इमाम नववी, त्यांनी गीबत, म्हणजे पाठीमागे एखाद्याचं वाईट बोलणं, चालते असे ६ प्रसंग दिलेत आणि त्यातला पहिला हाच, दाद मागणं. मात्र जो ती देऊ शकतो त्याच्याकडे. सेक्रेटरींकडे जा, पोलिसांत जा. शेजारची सोसायटी तुम्हाला काय दाद देणार?

डी-४०४ : मी फक्त फॉरवर्ड केलं सर. स्वतःचं एक अक्षर घातलं नाही.

बी-४०२ (सर) : ऐकलेलं सगळं सांगत सुटणं, माणूस खोटा ठरायला एवढंच पुरे, हेही हदीसमध्येच आहे.

बी-१०४ (ताई) : डी-४०४, रागावू नका, पण सूरह नूरमधल्या आयती अशाच प्रकारावर आहेत. मोहिमेवरून परतताना पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचा हार हरवला. त्या शोधायला गेल्या आणि इकडे तांडा निघाला. त्या इतक्या हलक्या, की हौदा उंटावर चढवणाऱ्यांना तो रिकामा आहे हे कळलंच नाही. मागून येणाऱ्या सफवाननी त्यांना आपल्या उंटावर बसवलं, स्वतः लगाम धरून चालत आणलं. झालं, मदिनेत महिनाभर कुजबुज. बोलणाऱ्यांत मिस्तह होते, ज्यांचा खर्च आयेशांचे वडील अबू बक्र चालवायचे! मग आयत आली, जे माहीत नाही ते तोंडाने बोलत होतात आणि ते किरकोळ समजत होतात. बाईच्या चारित्र्यावर आरोप करून ४ साक्षीदार आणले नाहीत तर ८० फटके, हेही त्याच सूरेत.

मला त्यातल्या जैनब फार आवडतात. आयेशांच्या सवत, बरोबरीचा मान असलेल्या. दोन शब्द बोलायला आयती संधी होती. पैगंबरांनी विचारलं तर म्हणाल्या, मी माझे कान-डोळे जपते, मला तिच्याबद्दल चांगलंच माहीत आहे.

बी-३०१ (काकू) : सवत असून! मानलं बाई.

ए-२०१ : प्रवचन पुरे आता. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, सगळ्यांनी गप्प बसा.

बी-४०२ (सर) : जुम्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, चालू असताना शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हटलं तरी ते वायफळ बोलण्यातच धरतात. नशीब, हा खुतबा नाही 😀

डी-४०४ : तिकडचा मेसेज आता डिलीट होत नाहीये. खाली लिहू का, खात्री नाही म्हणून?

बी-१०४ (ताई) : लिहा ना. ज्यांनी ते वाचलं त्यांनी हेही वाचू दे.

सी-१०३ : आणि तो घुटमळत होता हे मी स्वतः पाहिलेलं नाही. वॉचमनने सांगितलं.

बी-४०२ (सर) : वॉचमनने तरी स्वतः पाहिलं का, विचारा.

सेक्रेटरी : उद्या ११ वाजता ऑफिसात सीसीटीव्ही बघू. सी-१०३ आणि कमिटीतले दोघेच या. कोणीही फुटेजचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. मुलगा उद्या नेहमीसारखा कामावर येईल, त्याला कोणी काही विचारू नये.

ए-२०१ : तोवर सायकली कुठे ठेवायच्या?

सेक्रेटरी : पार्किंगमध्ये, कुलूप लावून. लिफ्टजवळ ठेवायच्या नाहीत, असा बोर्ड तिथेच आहे.