मानेतली गाठ ६ आठवडे झाले तरी बसत नाही

प्रश्न: वय १९. मानेला उजवीकडे सुपारीएवढी गाठ, दुखत नाही. अँटिबायोटिकचे ५ दिवस झाले, फरक शून्य. अजून थांबावं का?

उत्तर १: नको. घसा, दात, डोक्यातल्या फोडांमुळे आलेलं अवधाण दुखतं आणि बहुधा २-४ आठवड्यांत ओसरतं. ही तशी वाटत नाही. आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, म्हणजे जुन्या लोकांची गंडमाळ. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही बऱ्याचदा स्वच्छ येतो. त्यावर निर्धास्त होऊ नका.

उत्तर २: एफएनएसी (बारीक सुईने गाठीतला नमुना घेणं) करताना थोडा नमुना सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीसाठी सलाइनमध्ये ठेवायला आधीच सांगा. सगळा फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवायचं रसायन) गेला की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल तर सुई पुरत नाही, शक्यतो अख्खी गाठ काढून तपासतात. आणि निदानाआधी स्टेरॉइड नकोच! गाठ तात्पुरती बसते, बायोप्सी फसते.

उत्तर ३: कॉलरबोनच्या वरच्या खळग्यातली गाठ वाटाण्याएवढी असली तरी लगेच दाखवा. कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, घटणारं वजन, दगडासारखी घट्ट गाठ, तेव्हाही. श्वासाला किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी. टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात मोफत, साधारण ६ महिने. मधेच गाठ फुगते कधीकधी. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या सोडू नका.