अलिबाग दोन दिवसांत: कुलाबा किल्ला, इतिहास आणि बाकी काय पाहावं?

समुद्रपक्षी_७
येत्या शुद्ध षष्ठी-सप्तमीला शनिवार-रविवार येतोय. गेटवेहून बोटीने मांडवा, मग अलिबाग असा बेत आहे. सोबत सत्तरीचे आईबाबा, बहीण आणि दहा वर्षांची मुलगी. इतिहासाची आवड सगळ्यांना आहे, वॉटरस्पोर्ट्सची कोणालाच नाही. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आहे. ते जमेल ना? आणखी काय चुकवू नये?

दर्यावर्दी
आधी तिथी बदलता येते का बघा. अलिबागचा बेत हॉटेलवरून ठरवू नये, ओहोटीवरून ठरवावा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. वेळ सोयीची वाटते, पण गोची तिथेच आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही. भर ओहोटीलाही वाटेत पाणी राहतं आणि सत्तरीच्या माणसांना खडकांवरून ते झेपणार नाही.

चालत जायला पौर्णिमा-अमावास्येजवळचे उधाणाचे दिवस हवेत. पण नेमक्या त्या दिवशी ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. म्हणून दोन पर्याय उरतात. द्वितीया-तृतीयेला सकाळी पावणेआठ ते साडेआठ, किंवा द्वादशी-त्रयोदशीला दुपारी सव्वातीन ते चार. तुम्ही एक आठवडा पुढे ढकललंत तर शनिवारी त्रयोदशीच्या आसपासची तिथी मिळेल. सकाळच्या बोटीने या, जेवा, थोडं टेका आणि दुपारी किल्ल्याकडे निघा.

किल्लेदार_रायगड
दर्यावर्दी यांच्याशी सहमत. भर इतकीच, की पाऊणपटीचा हिशेब अंदाजाला ठीक, निघायच्या दिवशी मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. वेळेसोबत पाण्याच्या उंचीचा मीटरचा आकडाही वाचा. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असेल तर वाट चांगली उघडते. दोनच्या आसपास असेल तर चालत जायचा विचार सोडा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, त्यामुळे आपल्या वेळेचीच ओळ बघा.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पाण्यात उतरा, ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागा. पाणी पहिल्या तासात अगदी सावकाश चढतं, त्यामुळे माणसं निर्धास्त होतात. एकूण चढणाऱ्या पाण्यातलं निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात येतं. लोक अडकतात ते तेव्हाच. पावसाळ्यात तर हा नाद करूच नये.

पायात मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल हवी. साधी चप्पल वाळूत रुतते आणि पाण्यात निघून जाते. अनवाणी तर नकोच, खडकांना चिकटलेली कालवं तळवा कापतात. शेवाळाचा हिरवा दगड दिसला की बाजूने जा.

आत काय बघायचं ते सांगतो, कारण बरेच जण गणपतीला नमस्कार करून परत फिरतात.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, या किल्ल्याचं काम सुरू केलं; ते पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. पुढे १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी तह झाला आणि कुलाबा कान्होजी आंग्र्यांकडे राहिला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी तो पडला नाही.

तटाजवळ उभं राहून दगड नीट बघा. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, जोर विरतो आणि पाणी परत वाहून जातं. सांधे चुन्याने बंद केले असते तर तोच मार सगळा भिंतीने खाल्ला असता. मुलीला फटीत बोट घालून बघू द्या, लगेच कळेल.

गणेश पंचायतन राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. जवळच पुष्करणी आहे, आणि भर समुद्रात असूनही किल्ल्यात गोडं पाणी मिळतं. उत्तर टोकाला चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा दिसतील, त्यावर १८४९ साल कोरलेलं आहे. तोफा बघून आंग्र्यांचं आरमार आठवू नका. आंग्र्यांचं संस्थान त्याच्या आधीच, १८४० मध्ये, इंग्रजांनी खालसा केलं होतं. तिथूनच शेजारचा छोटा सर्जेकोट दिसतो.

समुद्रपक्षी_७
खूप आभार, दोघांचेही. बाबांची रजा सांभाळायची नाही, पण बहिणीची आहे, त्यामुळे तारीख बदलणं अवघड. मग किल्ला सोडायचा का?

दर्यावर्दी
सोडू नका. किनाऱ्यावरून घोडागाडी मिळते, गुडघाभर पाण्यातूनही ती जाते. गाडी येण्या-जाण्याची ठरवा आणि परतीची वेळ आधीच बोलून घ्या. गाडीवाला म्हणाला पाणी जास्त आहे, तर घासाघीस करू नका, त्याचं ऐका.

इस्रायलआळी
गावातल्या गोष्टींबद्दल लिहितो, त्या फार कोणी सांगत नाही.

इस्रायल आळीत मागेन आबोथ हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचं प्रार्थनास्थळ आहे. आजची इमारत १९१० ची. शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्यामुळे रविवारी जा, डोकं झाका आणि आत जायच्या आधी परवानगी घ्या. हा समाज पूर्वी तेलाच्या घाण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावोगावी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचे पूर्वज नौका फुटून जिथे किनाऱ्याला लागले असं मानतात, ते नवगाव इथून उत्तरेला जवळच आहे.

कान्होजींची समाधीही गावातच आहे. १७२९ मध्ये ते गेले. रिक्षावाल्याला आंग्रे समाधी म्हणून सांगा. दर्यावर ज्यांचा दस्तक (जहाजांना लागणारा परवाना) चालला त्यांच्या समाधीला पंधरा मिनिटं तरी द्यावीत असं मनापासून वाटतं. हिराकोट तलाव त्याच फेरीत होतो.

चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच बघायला मिळेल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्या प्रवाहाने मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडली असती. म्हणून १९०४ मध्ये ती इथे आणली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला, कारण त्यात चुंबकीय गुण नाहीत. लोखंडही टाळलं.

किल्लेदार_रायगड
रविवारी दुपार मोकळी असेल तर चौल-रेवदंडा करा. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटातला मनोरा सातखणी म्हणतात, आज त्याचे चारच मजले उभे आहेत. सगळं सपाटीवर आहे, आईबाबांना त्रास नाही. कोर्लई किल्ल्याचा चढ मात्र त्यांच्यासाठी नको. खांदेरी थळहून होडीने होते, पण चढउतार धक्क्यावर करावी लागते आणि परवानगीचं आधी विचारावं लागतं. या खेपेला राहू द्या.

समुद्रपक्षी_७
म्हणजे शनिवारी सकाळची पहिली बोट, साडेदहाला घोडागाडीने किल्ला, संध्याकाळी समाधी आणि हिराकोट. रविवारी इस्रायल आळी, मग रेवदंडा. बरोबर?

दर्यावर्दी
बरोबर. फक्त गेटवेहून निघतानाच मांडव्याहून परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवा. मांडवा ते अलिबाग साधारण वीस किलोमीटर, रविवारी संध्याकाळी रस्त्यावर कोंडी होते. रेवदंड्याहून दुपारी तीनला निघालात तर निवांत पोचाल. बोट चुकलीच तर अलिबाग स्टँडवरून पेण-पनवेलमार्गे एसटी आहे.