उंच खिंडी, निळी तळी आणि पाठीवरची सॅक : तुमचे अनुभव लिहा

काश्मीरच्या विशनसर तळ्यापासून सिक्कीमच्या समिती तळ्यापर्यंत आणि पुढे नेपाळमध्येही बरीच मंडळी सॅक पाठीवर घेऊन जाऊन आली आहेत. फोटो सगळ्यांचे दिसतात, पण ते कसे मिळाले हे कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हे आमंत्रण. कुठली खिंड, कुठलं तळं, किती वाजता पोचलात, उजेड कसा होता, सोबत काय वाहून नेलं आणि अंगाला काय सोसलं, सगळं सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माझं मत आधीच सांगतो: उंचावरच्या तळ्याचा फोटो लेन्सवर नाही, मुक्कामावर ठरतो. सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारी काश्मीर ग्रेट लेक्सची वाट निचनई, गडसर आणि झाच अशा तीन खिंडी ओलांडते. त्यांतली गडसर सगळ्यांत उंच, सुमारे 4,200 मीटर. बहुतेक गट रोज एक तळं मागे टाकत पुढे जातात. आम्ही हरमुख शिखराच्या पायथ्याशी, नुंदकोल तळ्याच्या काठी मुद्दाम एक मुक्काम वाढवला. पहिल्या सकाळी शिखर ढगात होतं. दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत काठावर जाऊन बसलो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणला, कारण कॅमेरा जितका खाली, तितकं प्रतिबिंब डोंगराशी जुळतं. हिमनदीच्या भेगासुद्धा पाण्यात स्पष्ट दिसत होत्या. मग ऊन उतारांवर आलं आणि थोड्याच वेळात पलीकडच्या काठाकडून एक काळसर पट्टा पाण्यावरून सरकत येऊ लागला. आधी प्रतिबिंबातला पायथा विस्कटला, मग हिमनदी, शेवटी आमच्या पायाशी आलेलं शिखराचं टोक. उतार तापले की हवा दरीतून वर चढू लागते, म्हणून स्वच्छ दिवशी हे ठरलेलंच. त्याआधी जे मिळेल ते आपलं.

जाता जाता: याच हरमुखवरून 1856 साली सर्वेक्षण करताना मोंटगोमेरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने दूरच्या काराकोरममधल्या दोन शिखरांची नोंद के-1 आणि के-2 अशी केली. यातलं दुसरं नाव आजही तसंच चालू आहे. तळ्याकाठी बसून वर पाहताना मला हे फार भारी वाटलं होतं.

*

हम्पटा खिंड (4,270 मीटर). कुल्लूच्या बाजूने चढताना सगळं हिरवं आणि ओलं, पलीकडे लाहौलच्या बाजूला तपकिरी, कोरडे डोंगर. पावसाचे ढग बरेचसे अलीकडेच अडतात, त्याचा हा परिणाम. खिंडीत उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की दोन वेगळ्या देशांच्या मधोमध उभी आहे असं वाटलं. दोन्ही बाजू एकाच पॅनोरामात घ्यायच्या असतील तर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअलवर लॉक करा, नाहीतर जोडणीत आकाशाचे पट्टे पडतात. बर्फ असेल तर कॅमेरा त्याला करडा करू पाहतो. मी एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून घेते आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघते.

आमचा गाइड पहाटेच निघायचा आग्रह धरायचा. दुपारनंतर खिंडीवर ढग बसतात, बर्फ भुसभुशीत होतो आणि वितळलेल्या पाण्याने ओढे फुगतात. सकाळी गुडघ्याइतकं पाणी असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत आलेला पाहिलाय.

एक प्रश्न: नुंदकोलला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वापरलात का?

*

ताई, पोलरायझरबद्दल मी सांगतो. प्रतिबिंब हवं असेल तर काढून ठेवा, तळातले दगड दाखवायचे असतील तर लावा. दोन्ही एकदम मिळत नाही. सूर्याशी काटकोनात त्याचा परिणाम सगळ्यांत जास्त असतो. एवढ्या उंचीवर आकाश मुळातच गडद, त्यात वाइड लेन्सवर लावला तर आकाशाचा एक कोपरा जवळजवळ काळा पडतो. मी अर्धवट फिरवूनच वापरतो.

*

मी नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटबद्दल लिहिते. थोरोंग ला (ला म्हणजे खिंड) 5,416 मीटर, तिलिचो तळं 4,919. इतक्या उंचीवर आधी शरीर, मग कॅमेरा. 5,500 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, त्यामुळे ट्रायपॉड लावायला नुसतं वाकलं तरी धाप लागते. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. मनांगला (सुमारे 3,540 मीटर) हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र असतं. तिथे उंचीच्या त्रासाबद्दल डॉक्टर माहिती देतात. जाणाऱ्यांनी ती जरूर ऐकावी. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर चढायचं नाही, आणि वाढत असेल तर रात्र असली तरी उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, किती घ्यायची, हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा.

थांबायचा दिवस फुकट जातो असं ज्यांना वाटतं, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. मनांगसमोरच गंगापूर्णाचं तळं आहे. मी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच दगडावरून त्याचे फोटो काढले. हिमनदी खडक दळून पिठासारखा बारीक करते, तो गाळ पाण्यात तरंगत राहतो आणि त्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो दुधी निळा-हिरवा रंग येतो. ऊन वर आल्यावर तो रंग खुलतो. पहाटे तेच पाणी राखाडी दिसत होतं. म्हणजे रंग हवा असेल तर दुपार, प्रतिबिंब हवं असेल तर पहाट. आधी लिहिणाऱ्या दादांच्या मुक्कामाच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा.

*

काश्मीरमधली तारसर-मारसर तळी, फक्त मोबाइल. सॅक हलकी होती म्हणून मी कडेच्या टेकाडांवर चढून तळ्याचा पूर्ण आकार एका चौकटीत घेऊ शकलो. वजनाची भीती असणाऱ्यांनी बिनधास्त मोबाइलवर जावं.

*

सिक्कीम, गोएचा ला. कांचनजंगावरचं पहिलं ऊन गाठायला लामुनेच्या मुक्कामावरून मध्यरात्रीनंतर निघतात, वाटेत अंधारात समिती तळं लागतं. तिथली थंडी म्हणजे बॅटरीची परीक्षा. लिथियम बॅटरी गारठली की भरलेली असूनही संपल्यासारखी दाखवते. मी रात्री सगळ्या बॅटऱ्या मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेतो, आणि चढताना एक शर्टाच्या आतल्या खिशात. व्ह्यू पॉइंटवर पहिली बॅटरी शिखर तांबूस व्हायच्या ऐन क्षणी मिटली. दातांनी हातमोजा ओढला, खिशातली गरम बॅटरी आत सरकवली, झाकण लागल्याचा आवाज आला आणि फोटो मिळाला. गारठलेली बॅटरीही अंगाशी धरून ऊब दिल्यावर परत चालली.

टेंटमध्ये शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच ठेवा. नाहीतर बाष्प लेन्सच्या आत जमतं.

समितीला स्थानिक लोक पवित्र मानतात. काठावर पाय धुणं, डबे घासणं असलं काही करू नका, कृपया.

*

हाच मुद्दा मला पुढे न्यायचाय. हिमाचलमधलं चंद्रताल तळं 2005 पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे आणि त्याच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे. तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात, म्हणजे पहाटेचा उजेड हवा तर अंधारातच निघावं लागतं. उत्तराखंडात 2018 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम बंद झाला. फोटोग्राफर म्हणून थोडी गैरसोय झाली खरी, पण ती मऊ गवताळ कुरणं तंबूंखाली कशी पिवळी पडतात हे ज्याने पाहिलंय तो तक्रार करणार नाही. काश्मीरच्या वाटेवर लष्कराच्या चौक्या लागतात, ओळखपत्र तपासतात. तिथे कॅमेरा सॅकमध्येच ठेवा आणि परवानगीशिवाय ड्रोनचा विचारही नको. बकरवाल किंवा गद्दी मेंढपाळांचे फोटो घ्यायचे असतील तर आधी बसा, बोला, मग विचारा. नाही म्हणाले तर नाही.

मी येत्या सप्टेंबरात अमावास्येच्या आसपास चंद्रतालला जातोय. आकाशगंगेचं प्रतिबिंब पाण्यात मिळालेलं कुणी असेल तर एक्स्पोजर किती सेकंदांचं ठेवलं आणि वारा रात्री किती वाजता पडला, तेवढं लिहा.