'पुनर्वसन' लिहू का 'हद्दपारी'?

शाईचा_डाग: मंडळी, अडकलेय. दिवाळी अंकासाठी वॉर्सा घेटोवरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडच्या राजधानीत ज्यूंना कोंडलं त्या वस्तीवरचा, एक लेख मराठीत करतेय. २२ जुलै १९४२ ला तिथल्या भिंतींवर फर्मान लागलं, की थोडे अपवाद सोडून सगळ्या ज्यूंना पूर्वेकडे हलवणार, माणशी १५ किलो सामान, पैसे-दागिने चालतील, तीन दिवसांची शिदोरी बरोबर घ्या. जर्मन शब्द उमझीडलुंग. मी 'पुनर्वसन' लिहिलं. संपादक म्हणतात अहो गाड्या ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत, गॅस चेंबरला जात होत्या, पुनर्वसन कसलं डोंबलाचं, 'हद्दपारी' करा. मला पटत नाहीये पण का ते धड सांगताही येत नाहीये.

सातारी_कंदी: पुनर्वसनच ठेवा. ते खोटं बोलले तर भाषांतरातही खोटंच यायला हवं ना. आमचं गाव धरणात गेलं, आजोबा हा शब्द शेवटपर्यंत शिवीसारखा उच्चारायचे. मराठी माणसाला त्यातली मेख बरोब्बर कळते.

वेलांटी: धरणाशी तुलना नको हो. तुमच्यावर अन्याय झाला, मान्य, पण ट्रेब्लिंकात उतरवलेली बहुतेक माणसं दोन-तीन तासांत मारली जायची, सप्टेंबरपर्यंत वॉर्सातून अडीच लाखांवर माणसं तिथे गेली. आणि हद्दपारी पण चूक, तिला गुन्हा लागतो, मुदत असते. साधं 'स्थलांतर' लिहा.

सातारी_कंदी: स्थलांतर पक्षी करतात. आणि तुलना मी शब्दाची केली, घटनेची नाही.

नॅरोगेज: जिथून गाड्या सुटायच्या त्या उमश्लागप्लाट्झचं काय केलंय? वडील रेल्वेत गुड्स क्लार्क, माझं लहानपण मिरजेच्या क्वार्टरमधे गेलं, म्हणून सांगतो, याला आपल्याकडे चक्क मालधक्का म्हणतात. उमश्लाग म्हणजे माल एका वाहनातून दुसऱ्यात चढवणं. वडील धक्क्यावर पोती मोजून खडूने वाघिणीवर आकडा टाकायचे. वॉर्सातही रोजचा आकडा ठरवून दिलेला होता, सुरुवातीला सहा हजार माणसं. 'एकत्रीकरण केंद्र' वगैरे गुळगुळीत काही लिहू नका प्लीज.

शाईचा_डाग: मालधक्का! अंगावर काटा आला, घेतला. पण माझं गाडं तिथेच. आठवड्याभरात दुसरं फर्मान लागलं, आपणहून येईल त्याला ३ किलो पाव आणि १ किलो जॅम. भुकेने मरणारी माणसं, खरंच गेली बरीच. म्हणजे तो शब्द त्यांना थोडा तरी खरा वाटला असणार, निदान वाटावासा वाटला असणार. आधीच हद्दपारी लिहिलं तर तो पाव कळणारच नाही. मग अवतरणचिन्हात टाकू का?

वेलांटी: चिन्हं म्हणजे वाचकाला डोळा मारणं. पहिल्या फर्मानाखाली सही जर्मनांनीच नेमलेल्या ज्यू मंडळाची होती आणि त्याचे अध्यक्ष चेर्नियाकोव्ह यांनी दुसऱ्याच दिवशी विष घेतलं, ते वाक्य लगेच खाली घ्या, चिन्हं लागणारच नाहीत. बाकी 'घेटो' का ठेवलंय? कोंडवाडा आहे की मराठीत.

नॅरोगेज: कोंडवाड्यातून दंड भरून गुरं सोडवून आणता येतात. इथे साडेतीन चौरस किमीत चार लाखांवर माणसं भिंत घालून कोंडलेली, दंड कुठे भरणार? घेटोच ठेवा. तो शब्दही मुळात व्हेनिसचा, तिथे १५१६ मधे ज्यूंना वेगळ्या वस्तीत घातलं तेव्हापासूनचा.

रेवदंडा_बाजू: सगळे ज्यू ज्यू करताय, यहुदी का नाही? आमच्या आजीला दोन्ही शब्द माहीत नव्हते, आमच्या कोकणातल्या ज्यूंना ती शनवार तेलीच म्हणायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून. त्यांच्यातल्याच शेजारच्या मावशी अस्सल आगरी वळणाचं मराठी बोलायच्या.

वेलांटी: शनिवार तेली.

रेवदंडा_बाजू: आमच्याकडे शनवारच म्हणतात हो. पुण्यातसुद्धा शनवारवाडाच म्हणता ना?

वेलांटी: बोलताना. लिहिताना शनिवारवाडा.

शाईचा_डाग: अहो, मजकूर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय…

रेवदंडा_बाजू: पाटीचा फोटो टाकू का?