अमेरिकेतून आणलेला लॉक आयफोन, जिओचं सिम घेत नाही, आईसाठी आहे, कोणीतरी सांगा

डिचोलीची_मुलगी

नमस्कार. माझा भाऊ क्रूझ शिपवर हाउसकीपिंगला आहे, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून मागच्या आठवड्यात मोपा विमानतळावर उतरला आणि येताना आईसाठी आयफोन १३ घेऊन आला. त्याची बोट मायामीला लागते, तिथल्या एका मोठ्या स्टोअरमध्ये ऑफर होती म्हणे, नव्या फोनची किंमत जवळजवळ अर्ध्यावर. बॉक्स आहे, बिल आहे, चोरीचा वगैरे प्रकार नाही. वायफायवर सगळं चालतं पण जिओचं सिम घातलं की 'सिम नॉट सपोर्टेड' येतं. आम्हाला वाटलं सिमच बिघडलं, नवीन काढून आणलं, तरी तेच. शेजाऱ्यांचं एअरटेल घालून बघितलं, तेच.

मग म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा एका दुकानात दाखवला, तो बघताक्षणी म्हणाला लॉक आहे, साडेचार हजार होतील, संध्याकाळी घेऊन जा. दिले पैसे. दोन दिवस फोन सुरेख चालला, आईने सगळ्या मावश्यांना फोन करून सांगितलं पोराने आयफोन आणला म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी फोन अपडेट झाला आणि परत तोच मेसेज. दुकानात गेले तर म्हणतो अपडेट कोणी करायला सांगितलेलं. सिमचा ट्रे काढून बघितला तर सिमला एक पातळ पट्टी चिकटवलेली, चिपसारखी. हे अनलॉक करणं आहे का? आणि खरं अनलॉक कुठे होतं, किती पैसे लागतात, कायद्यात बसतं का? भाऊ चवथ झाली की परत जॉइन होणार, त्याच्या आधी आईच्या हातात चालू फोन असावा एवढंच आहे.

फोंडा_रिपेअर

ताई, मी फोंड्यात चौदा वर्षं मोबाईल रिपेरिंग करतोय आणि असा महिन्याला एक तरी फोन माझ्या काउंटरवर येतो, बहुतेक सगळे बोटीवाल्यांचे. ती पट्टी म्हणजे आर-सिम, काही जण टर्बो सिम म्हणतात. ती सिम आणि फोनच्या मध्ये बसते आणि फोनला खोटं सांगते की ज्या अमेरिकन नेटवर्क कंपनीला तो बांधलेला, म्हणजे लॉक आहे, तिचंच हे सिम आहे. फोनचं लॉक जिथल्या तिथेच असतं. अपडेट झाला, रिसेट मारला, की फोन परत चौकशी करतो आणि पट्टी उघडी पडते. साडेचार हजार यासाठी घेणं बरोबर नाही, मी स्पष्ट सांगतो, माझ्या धंद्यातला असला तरी. दुकानात जाऊन पट्टी परत द्या आणि पैसे मागा, बिल दिलं नसेल तर पेमेंट केल्याचा मेसेज दाखवा.

आता खरं लॉक. आयफोनचं लॉक फोनच्या आत कुठे पिन मारून उघडता येईल असं नसतं. प्रत्येक फोनचा १५ आकडी ओळख नंबर, म्हणजे आयएमईआय असतो, *#०६# डायल केलं की दिसतो. या नंबरचा फोन कुठल्या कंपनीला बांधलेला आहे ते अ‍ॅपलच्या सर्व्हरवर लिहिलेलं असतं आणि ती नोंद बदला असं फक्त ती कंपनीच अ‍ॅपलला सांगू शकते. मी नाही, म्हापशाचा माणूस नाही, 'आयएमईआय पाठवा, डॉलर भरा' म्हणणाऱ्या वेबसाइटी तर नाहीच नाही. तिथे पैसे भरलेले चार जण माझ्याकडे रडत आलेत.

खात्री करायची तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये खाली जा, 'कॅरिअर लॉक' अशी ओळ असेल. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर मोकळा, नाहीतर लॉक.

आणि एक, कोणी आयएमईआय बदलून देतो म्हणाला तर फोन उचलून सरळ बाहेर पडा. तो गुन्हा आहे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. कंपनीकडून रीतसर अनलॉक करून घेण्यात मात्र काहीच चुकीचं नाही, अमेरिकेत तर २०१४ पासून ग्राहकाच्या बाजूने तसा कायदाच आहे.

मला सांगा, भावाने तिथे प्लॅन किती महिन्यांचा मारलेला?

डिचोलीची_मुलगी

खूप आभार दादा. बघितलं, 'सिम लॉक्ड' लिहिलंय. प्लॅन एकाच महिन्याचा, फोनबरोबर सक्तीने घ्यावा लागला म्हणतो, नंतर भरलाच नाही कारण बोटीवर वायफायच वापरायचा.

पणजी_चर्चस्क्वेअर

आपल्याकडे हे असलं काही नसतं त्यामुळे लोकांना माहितच नसतं. इथे कुठलाही फोन घ्या, कुठलंही सिम घाला.

फोंडा_रिपेअर

आता नसतं, पण होतं. २००८ मध्ये आयफोन ३जी इथे आला तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोन विकायचे आणि ज्याचा घेतला त्याचंच सिम चालायचं. २०१७ चा बटणवाला जिओफोन पण दुसरं सिम घेत नाही.

स्विंडनहून_परत

देशादेशात फरक आहे हे बोटीवाल्यांनी लक्षात ठेवावं. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक फोन विकायलाच बंदी आहे, कॅनडात तर डिसेंबर २०१७ पासून. मी स्विंडनला असताना २०१९ ला कॉन्ट्रॅक्टवर घेतलेला फोन लॉकच होता, इथे यायच्या आधी चॅटवर सांगून सोडवून घेतला, बाकी काही करावं लागलं नाही. अमेरिकेत मात्र अजून चालतं ते, आणि स्वस्त फोन दिसला की समजायचं तो लॉक आहे. कंपनी फोनवर तोटा सोसते तो पुढच्या रिचार्जमधून भरून काढायला.

वास्को_शिपी

बाये, तुझ्या भावाच्या जागी मी स्वतः होतो म्हणून सविस्तर लिहितो, भावाला पण वाचायला दे.

मी पण मायामीलाच घेतलेला, प्रीपेडचा. आधी बिलावर आणि बॉक्सवर कंपनी कुठली ते बघा, स्टोअरचं नाव नको, नेटवर्कचं नाव बघा, कारण अट प्रत्येकाची वेगळी. एटी अँड टी प्रीपेडला ६ महिन्यांची पैसे भरलेली सर्व्हिस लागते, टी-मोबाईल प्रीपेडला ३६५ दिवस. या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून त्या कंपनीच्या साइटवर अनलॉकचं पान असतं ते आजच्या तारखेला उघडून वाचा. बोटीवाले नेमके इथेच अडकतात, फोन जुना झाला की आपोआप सुटेल असं धरून चालतात. फोन वर्षभर कपाटात ठेवून काही होत नाही, रिचार्ज भरलेले महिने मोजतात.

माझा एटी अँड टी होता. सहा महिने मी बोटीवरूनच ऑनलाइन रिचार्ज भरत राहिलो, सगळ्यात स्वस्त प्लॅन, अमेरिकेच्या पोर्टला लागलो की तेच सिम वापरायचो घरी फोन करायला, म्हणजे पैसे अगदी पाण्यात नाही गेले. सहा पुरे झाले तेव्हा त्यांच्या अनलॉकच्या पानावर आयएमईआय टाकला, ईमेलवर लिंक आली, ती २४ तासांत उघडावी लागते नाहीतर अर्ज बाद, माझा पहिला अर्ज तसाच गेला कारण समुद्रात नेट नव्हतं. दुसऱ्यांदा पोर्टवर बसून केला, दोन दिवसांत मंजूर. अनलॉकचे पैसे शून्य. मंजूर झाल्यावर दुसरं सिम घालून फोन बंद-चालू केला, झालं. कोणाचं तेवढ्याने होत नाही, मग बॅकअप घेऊन फोन पूर्ण इरेज करायचा.

आता तुमचा प्रश्न चवथीचा आहे, तेवढ्यात अनलॉक होणार नाही, खोटी आशा देत नाही. पण एक विचारतो, भाऊ स्वतः कुठला फोन वापरतो? इथला अनलॉक असेल तर तो आईला देऊन टाकावा आणि हा आयफोन त्याने बोटीवर न्यावा. मायामीच्या बोटीवर जातोय तर त्या फोनला तिथे चालायला काहीच अडचण नाही. उरलेले महिने भरेल, पुढच्या सुट्टीला येईल तेव्हा सुटलेला फोन आईला.

बॉक्समधलं सिम टाकलं नाही ना? ते जपून ठेवा आणि नंबर बंद पडलाय का ते आधी विचारा.

साखळी_वाचक

तोपर्यंत आईला आयफोन वापरायचाच असेल तर एक सोपं करा, जिओचं सिम जुन्या फोनमध्ये राहू दे आणि आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप त्याच नंबरने उघडा. ओटीपी जुन्या फोनवर येतो, बाकी सगळं घरच्या वायफायवर. माझ्या सासूबाई चार महिने अशाच वापरत होत्या, मुलगा बहरीनला, रोज रात्री जेवणं झाली की व्हिडिओ कॉल. बाहेर गेलं की जुन्या फोनचा हॉटस्पॉट लावायचा.

आणि ज्यांना पुढे आणायचाय त्यांनी हे पण बघा. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. आपल्याकडे जिओ, एअरटेल, व्हीआय सगळे ई-सिम देतात, पण फोन लॉक असेल तर दुसऱ्याचं ई-सिमही घेत नाही आणि तिथे पट्टी लावायला जागा पण नाही. अँड्रॉइड आणत असाल तर अनलॉक असून भागत नाही, जिओकडे २जी-३जी नाहीच, कॉल व्हीओएलटीईवरच, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच लागतो, आणि अमेरिकन मॉडेलवर ते कधीकधी चालूच होत नाही. नेट धावतं आणि कॉल लागत नाही.

डिचोलीची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल भावाला बसवून सगळं वाचून दाखवलं. सिम बॉक्समध्येच होतं. रात्री कंपनीच्या चॅटवर बोलला, तिकडे दिवस असतो म्हणून, नंबर अजून जिवंत आहे आणि अजून पाच महिने भरावे लागतील म्हणाले. त्याने लगेच एक रिचार्ज मारला.

त्याचा स्वतःचा फोन दोन वर्षांचा सॅमसंग आहे, पणजीत घेतलेला. तो पुसून, नवीन कव्हर घालून आईला दिला. मावश्यांना आयफोन सांगून झालाय म्हणून ती थोडी हिरमुसली, पण अक्षरं मोठी करून दिली तशी खुलली, आज सकाळी वाळपईच्या मामाला स्वतःहून लावला. दुकानदाराने पट्टी परत घेतली आणि तीन हजार दिले, बाकीचे पुढच्या शुक्रवारी देतो म्हणाला, मी जाणार आहे.

वास्को दादा, एकच विचारायचं राहिलं, पाच महिन्यांपैकी एखादा महिना नेट नसल्यामुळे चुकला तर पहिल्यापासून मोजतात का?

वास्को_शिपी

ते चॅटवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. पण ऑटो-पे लावून टाकायला सांग भावाला, कार्डात पैसे ठेवले की चुकायचा प्रश्नच येत नाही. मी तसंच केलेलं.